दुखण्याचं ठिकाण

कोणतंही नवं वैद्यकीय यंत्र राज्यानं घ्यायचं की नाही हे ठरवण्याआधी ते चाळीस दिवस एखाद्या आरोग्य कर्मचाऱ्याच्या घरी राहायला पाठवतात, आणि त्या नियमानुसार रोग्याचा आजार स्वतःला लावून घेणारं यंत्र मे महिन्याच्या पहिल्या सोमवारी उमरगव्हाणला दिगंबर उमाळेच्या घरी राहायला आलं. एसटीनं आलं. कंडक्टरनं त्याला खिडकीची जागा दिली होती, कारण सोबतच्या पत्रात 'प्रवासात मळमळते' असं स्पष्ट लिहिलं होतं.

नियम तसा शहाणपणाचाच आहे. दवाखान्यात चार लोकांसमोर कुणीही नीट वागतं, खरा स्वभाव कळतो तो घरी राहिल्यावर. दोन वर्षांपूर्वी रक्तदाब मोजणारं एक यंत्र शेजारच्या तालुक्यातल्या नर्सबाईंकडे राहिलं होतं. तिसऱ्या दिवसापासून ते फक्त सुनेचाच रक्तदाब मोजू लागलं आणि सासूचा मोजायला साफ नाही म्हणालं. मुंबईच्या नवतंत्रज्ञान निरीक्षण कक्षानं फायलीवर 'पक्षपाती' असा शेरा मारला आणि ती खरेदी तिथेच थांबली.

आताच्या यंत्राचं सरकारी नाव सहवेदक. उंची शिवणयंत्राएवढी, खाली दोन मोठी चाकं आणि पुढे एक छोटं, वर तांब्याची पट्टी आणि बोलण्यासाठी पत्र्याची जाळी. रोग्यानं नऊ मिनिटं पट्टीवर हात ठेवायचा, की तासाभरात यंत्र आजारी पडायचं आणि नेमकं काय होतंय ते शब्दांत सांगायचं. बरं करणं त्याच्या हातात नव्हतं. ज्यांना आपलं दुखणं सांगता येत नाही त्यांच्यासाठी ते बनवलेलं होतं, आणि असल्यांची आपल्याकडे काही कमी नाही. राज्याला साडेतीनशे यंत्रं घ्यायची होती. घ्यावीत की नाही, ते दिगंबरच्या अहवालावर ठरणार होतं.

दिगंबर गावच्या उपकेंद्रात आरोग्य सेवक होता. वय सेहेचाळीस. एकवीस वर्षं त्यानं विहिरीत औषध टाकलं, तापाच्या रोग्यांच्या बोटातून रक्ताचे थेंब घेतले, लोकांच्या रांजणात डोकावून डासांच्या अळ्या मोजल्या. माणूस इतका नेमका, की अळ्या एकशे बारा असतील तर 'शंभरेक' लिहिणं त्याच्या जिवावर यायचं. लग्न केलं नव्हतं. घरात तो आणि त्याची मोठी बहीण गोकर्णा, दोघंच. तिकडे मोठ्या बहिणीला बाई म्हणतात, तसा तोही म्हणायचा.

आई गेली तेव्हा दिगंबर सहा वर्षांचा होता आणि बाई सतरा वर्षांची. तिनंच त्याला वाढवलं. दुसऱ्यांच्या शेतांची धुरं, म्हणजे बांध, राखून, मिरच्या खुडून, बालवाडीत खिचडी शिजवून वाढवलं. ती स्वभावानं कडक होती. शाळेला उशीर झालेला चालायचा, पण दारातून भाकर खात पळालेलं चालायचं नाही. "बसून खाय रे," म्हणायची, "उभ्यानं खाल्लेलं गुडघ्यात जाते." दिगंबर आरोग्य खात्यात लागला आणि अन्न गुडघ्यात जात नाही हे सरकारी प्रशिक्षणात शिकून आला, तरीही बाईसमोर उभ्यानं खायची त्याची छाती झाली नाही.

दोन वर्षं चार महिन्यांपूर्वी बाईला लकवा मारला. उजवा हात, उजवा पाय गेला आणि बोलणं गेलं. सगळ्या बोलण्यातून एकच शब्द वाचला, 'उद्या'. पाणी हवं तरी उद्या, ऊन लागतंय तरी उद्या. दिगंबर ते हळूहळू वाचायला शिकला. पण एक गोष्ट त्याला वाचता येईना. रोज दिवेलागणीला तो बाईला भरवायचा, तोंड पुसायचा, उशी सारखी करायचा, आणि आत जाऊन ओट्यापाशी स्वतःची भाकर खाऊन घ्यायचा. तेवढ्यात बाहेरच्या खोलीत बाई रडायला लागायची. "उद्या, उद्या" म्हणत, कळवळून. तो अर्धी भाकर तशीच टाकून धावायचा. पोट दाबून बघायचा, पाठ बघायचा, कानात बॅटरी मारून बघायचा. दोन मोठ्या डॉक्टरांना दाखवलं, अकरा तपासण्या झाल्या, सगळे कागद चांगले निघाले. कागद चांगले आणि माणूस रडतंय, याचा दिगंबरला फार त्रास व्हायचा. आपली बहीण कुठे दुखतेय हे आपल्यालाच कळू नये, याची त्याला लाज वाटायची.

यंत्राचे पहिले तीन आठवडे छान गेले. शेषराव कंकाळ अकरा वर्षं 'पोट दुखते' म्हणत होते आणि अकरा वर्षं ओव्याचं पाणी पीत होते. यंत्रानं त्यांचं दुखणं घेतलं, तासाभरानं कण्हलं आणि म्हणालं, "पोटात नाही. वर, फासळ्यांच्या मधोमध. जळतं. जेवल्यावर थांबतं, रिकाम्या पोटी पुन्हा सुरू होतं."

शेषराव आ वासून ऐकत होते. "हेच," ते म्हणाले, "हेच म्हणाचं होतं मले."

दुसऱ्या दिवशी शेषराव संध्याकाळी पुन्हा आले, धुतलेला सदरा घालून, हातात बिस्किटांचा पुडा आणि चार मोसंब्या घेऊन. यंत्र अजून आजारीच होतं. शेषराव समोर खुर्ची ओढून बसले.

"कसं काय वाटते आता?"

"जळतंय," यंत्र म्हणालं.

"जळनच. पयले दोन वर्षं लय जळते, मंग सवय होते." त्यांनी मोसंब्या यंत्रापुढे ठेवल्या. "माह्यापाई तुले तरास झाला, बापा."

"तुमचा कधीपासून आहे," यंत्र म्हणालं, "माझा कालचा आहे."

आपल्यामुळे कुणी आजारी पडलं तर भेटायला जाणं ही गावाची रीतच होती, आणि रीत यंत्राला लागू नाही असं कुठे लिहिलेलं नव्हतं. त्या दिवसापासून ज्याचं दुखणं यंत्रानं घेतलं, तो दुसऱ्या दिवशी पुडा घेऊन यायचाच. दोघं शेजारी बसायचे, एकच कळ दोघांना, आणि आलेला माणूस निघताना जरा हलका होऊन निघायचा. शेजारणीनं तर मीठमोहरी ओवाळून यंत्राची दृष्ट काढली. त्यातली थोडी मोहरी जाळीत गेली आणि दोन दिवस त्याच्या बोलण्यात खडखड आली. दिगंबरनं सगळं नमुना क्रमांक अकरामध्ये नोंदवलं. 'भेटायला आलेले: १४. आणलेल्या वस्तू: बिस्किटे, मोसंबी, नारळ एक. यंत्राने बिस्किटे घेतली नाहीत, परंतु आभार मानले.'

यंत्र किती वेळ आजारी राहील याचं एक कोष्टक होतं. एका दिवसाचं दुखणं, एक तास. एका महिन्याचं, एक रात्र. जुनाट पण मधूनमधून उठणारं असेल, तर दोन दिवस. सारखं वर्षभर राहिलेलं असेल, तर दहा दिवस. त्याखाली ठळक अक्षरांत: 'एक वर्षाहून अधिक काळ अखंड राहिलेले दुखणे देऊ नये.' आणि त्याच्याही खाली: 'निरीक्षकाने आपल्या नातेवाइकांवर चाचणी करू नये.'

दिगंबरनं हे कोष्टक पहिल्याच दिवशी वाचलं होतं. त्यानंतर तो ते रोज वाचत होता.

चोविसाव्या दिवशी संध्याकाळी बाई रडून दमली आणि शांत झाली. दिगंबर तिच्या खाटेपाशी खाली बसला होता. कोपऱ्यातून यंत्र म्हणालं, "मी एकदा घेऊ का?"

"नाही."

"रोज ऐकतो आपण दोघंही."

"नियम आहे," दिगंबर म्हणाला.

"नियम मीही वाचलाय. माझ्यावरच चिकटवलेला आहे."

दिगंबरनं हिशोब मांडून दाखवला. चाचणी ग्राह्य धरायला साठ रोगी लागतात, एकतीस झालेत. सोळा दिवस उरलेत. बाईचं दुखणं घेतलं तर यंत्र चाळीस दिवसांत उठणार नाही, कदाचित कधीच उठणार नाही. चाचणी बाद. साडेतीनशे गावांत कुणी शेषराव ओव्याचं पाणी पीत राहील ते त्याच्यामुळे. शिवाय याच गावातले नऊ जण नंबर लावून बसलेत.

"बरोबर आहे," यंत्र म्हणालं. "पण तुम्ही रोज कोष्टक वाचता, तेव्हा मला कसंतरी होतं. आणि ते कुणाचं दुखणं आहे हे मला अजून कळलेलं नाही."

दिगंबरला आपलं चुकतंय हे पक्कं ठाऊक होतं. इतकं ठाऊक असताना त्यानं आजवर कधी काही केलं नव्हतं. मग त्यानं यंत्र ओढून खाटेला लावलं, बाईचा डावा हात उचलून पट्टीवर ठेवला आणि वर आपला हात धरला. नऊ मिनिटं घड्याळाकडे बघत धरला.

तासाभरानं यंत्राचं उजवं चाक ढिलं पडलं. दिगंबर जाळीशी कान नेऊन बसला. नमुना क्रमांक अकरा मांडीवर, पेनाचं टोपण काढलेलं.

"कुठे दुखते?" त्यानं विचारलं.

"उद्या," यंत्र म्हणालं.

दिगंबरनं पुन्हा विचारलं. यंत्रानं पुन्हा तेच सांगितलं, कळवळून, अगदी बाईच्याच आवाजात. बाईचं सगळं दुखणं त्यानं घेतलं होतं, आणि बोलणं जाणं हा त्या दुखण्याचाच भाग होता. एकवीस वर्षं आरोग्य खात्यात काढलेल्या माणसाच्या हे ध्यानात यायला हवं होतं. नवऱ्या मुलीच्या बापासारखा तो नुसता आशेवर बसला होता. त्यानं पेनाला टोपण लावलं.

खाटेवरून बाई बघत होती. "उद्या?" ती म्हणाली.

"उद्या," यंत्र म्हणालं.

"उद्या, उद्या."

"उद्या."

आणि बाई हसली. दोन वर्षं चार महिन्यांत पहिल्यांदा, अर्ध्या तोंडानं. इतके दिवस समोरचा माणूस तिच्याशी मोठ्यानं, सावकाश, लहान पोराशी बोलावं तसं बोलत होता. आता कुणीतरी तिच्या भाषेत तिला उत्तर दिलं होतं. दिगंबर आत गेला, माठातलं पाणी प्याला आणि तिथेच थोडा रडला.

सकाळी त्यानं मुंबईला फोन लावला. निरीक्षण कक्षाच्या उपसंचालक डॉ. पाटणकर मॅडम होत्या. दिगंबरनं काही लपवलं नाही. कलम सांगितलं, वेळ सांगितली, नऊ मिनिटं धरलेला हात कुणाचा तेही सांगितलं.

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. "उमाळे, तुम्ही हे केलंत?"

"हो, मॅडम. यंत्र परत पाठवू का?"

"आजारी यंत्राला प्रवास करता येत नाही. तंदुरुस्तीचा दाखला लागतो. तो कोण देतं तुमच्याकडे?"

"मीच देतो. पण ते तंदुरुस्त नाही."

"मग कसं पाठवणार?" मॅडम म्हणाल्या. "उरलेले दिवस बघा आणि लिहा. जे दिसेल तेच लिहा. चाचणी बाद करायची की नाही, ते मी कागद आल्यावर बघते."

नंबर लावून बसलेल्या नऊ जणांना दिगंबरनं स्वतः घरी जाऊन सांगितलं. शिव्या खायची तयारी ठेवून गेला होता. एक म्हातारी तेवढी म्हणाली, "माहा नंबर होता ना रे?" आणि संध्याकाळी तीच सगळ्यात आधी मोसंब्या घेऊन आली. यंत्रापुढे बसून तिनं आपल्या कमरेचं सगळं सांगितलं. यंत्र 'उद्या' म्हणालं. म्हातारीला ते पटलं.

आता दिगंबरला दोन आजारी माणसं होती. बाईला भरवायचं, यंत्राचं चाक चोळायचं, एकीची कूस बदलायची, दुसऱ्याची वायर. आणि दिवेलागणीला दोघं रडायची. तो आत गेला, की एकदम, एका सुरात. फरक एवढाच की बाईला हलता येत नव्हतं आणि यंत्राचं डावं चाक शाबूत होतं. एकाच चाकावर ते सरळ जाऊ शकत नव्हतं, गोल गोल फिरत थोडं थोडं सरकायचं. दिगंबरला वाटलं, त्याला विजेचं बटण हवंय. त्यानं वायर लावली. मग वाटलं, गरम होत असेल, पंखा फिरवला. यंत्र फिरतच राहिलं. त्यानं फरशीवर खडूनं खुणा केल्या, तेव्हा ते रोज स्वयंपाकघराकडेच सरकतंय हे दिसलं.

तिसाव्या दिवशी यंत्र स्वयंपाकघरात पोचलं.

दिगंबर ओट्यापाशी उभा होता. डाव्या हातात ताट, खांद्यावर बाईचं तोंड पुसलेला टॉवेल, भाकरीचा घास तोंडात. बाहेर बाई रडत होती आणि तो निघतच होता. यंत्र त्याच्या मागे आलं आणि त्याच्या गुडघ्याच्या लवणीत टेकलं. एक गिरकी घेऊन पुन्हा टेकलं. तिसऱ्यांदा जरा जोरातच टेकलं. दिगंबरचे गुडघे वाकले आणि ताटासकट तो उंबरठ्यावर बसला.

यंत्र गप्प झालं. बाहेरच्या खोलीत बाईही गप्प झाली.

उंबरठ्यावरून बाईची खाट समोर दिसत होती, म्हणजे खाटेवरून ओटाही दिसत असणार. बाई त्याच्याकडे बघत होती. नुसती बघत होती, ताटाकडे, त्याच्याकडे, पुन्हा ताटाकडे.

दिगंबर नेमका माणूस होता. तो उठून उभा राहिला. दोघं रडायला लागली. तो बसला. दोघं थांबली. त्यानं पाच मिनिटं जाऊ दिली आणि पुन्हा उभा राहिला. पुन्हा रडणं. असं त्यानं तीनदा केलं, कारण तीनदा केल्याशिवाय निष्कर्ष लिहिता येत नाही. चौथ्यांदा करायचं त्याच्यानं झालं नाही. तो खाली बसला, पाय पसरून, लहानपणी बसायचा तसा, आणि समोरची भाकर त्याला दिसेनाशी झाली.

"बाई," तो म्हणाला, "एवढ्यापाई रडत होती तू? दोन वर्षं?"

"उद्या," बाई म्हणाली.

जेवण झाल्यावर दिगंबरनं हात धुतले आणि नमुना क्रमांक अकरा काढला. रुग्णाचं नाव, आजाराचं वय, सगळं भरलं. 'दुखण्याचे ठिकाण (अवयवाचे नाव लिहावे)' या रकान्यापाशी तो थांबला. मग सुवाच्य अक्षरांत त्यानं लिहिलं: 'स्वयंपाकघर'. शेऱ्यात लिहिलं: 'रुग्णाचा भाऊ उभ्याने जेवतो. रोज दिवेलागणीस तीव्र. अकरा तपासण्यांत आढळले नव्हते. उपचार: खाली बसणे. तीन वेळा पडताळून पाहिले.'

आठवड्याभरानं मॅडमचा फोन आला. दिगंबर तेव्हा जेवत होता. खाटेपासून दोन हातांवर त्यानं आता पाट मांडला होता, एका बाजूला बाई, दुसऱ्या बाजूला यंत्र.

"उमाळे, तुमचा कागद आलाय. रकाना सहा. संगणक घेत नाही."

"हो, मॅडम."

"तिथे अवयवांच्या यादीतून निवडावं लागतं. स्वयंपाकघर यादीत नाही. हृदय लिहू का? बहुतेक लोक तेच लिहितील."

दिगंबरनं घास गिळला. "हृदयात काही नाही, मॅडम. दोनदा तपासलंय. स्वयंपाकघरातच आहे."

पलीकडे कागद उलटल्याचा आवाज आला. "तीन वेळा पडताळलंत?"

"तीन वेळा."

"आत्ता जेवताय का तुम्ही?"

"हो."

"बसून?"

"बसून."

"बरं," मॅडम म्हणाल्या. त्यांचा आवाज थोडा बदलला होता, आणि त्यांच्याकडेही कुठेतरी खुर्ची ओढल्यासारखं वाजलं. "यादीच दुरुस्त करायला लागेल मग. बघते मी."

जुलैमध्ये परिपत्रक आलं. यंत्रांच्या खरेदीचा निर्णय पाठवलेलं यंत्र बरं होईपर्यंत राखून ठेवला होता, चाचणी चालू समजावी असं म्हटलं होतं आणि उरलेले एकोणतीस रोगी त्यानंतर घ्यावेत असं सुचवलं होतं. दिगंबरला सक्त ताकीद होती, ती त्यानं सेवापुस्तकात लावून घेतली. सोबत राज्यातल्या सर्व उपकेंद्रांसाठी अवयवांची सुधारित यादी जोडली होती, अकारविल्ह्यानुसार. शेवटच्या पानावर स्नायूंच्या खाली आणि स्वरयंत्राच्या वर स्वयंपाकघर होतं. दिगंबरनं ती उपकेंद्राच्या भिंतीवर चिकटवली. येणाजाणाऱ्यांनी वाचली आणि त्याबद्दल कुणी काही विचारलं नाही. शेषरावांनी तेवढं चष्मा लावून दोनदा वाचलं, म्हणाले, "आमच्या घरी बी असन," आणि लवकर घरी गेले.

त्या संध्याकाळी दिगंबरनं बाईला भरवलं, तोंड पुसलं, यंत्राचं चाक चोळलं आणि ताट घेऊन पाटावर बसला. दीड भाकर खाल्ली आणि उठायला लागला.

"उद्या," बाई म्हणाली.

"उद्या," यंत्र म्हणालं.

"हो, हो," म्हणून दिगंबर परत बसला आणि त्यानं आणखी अर्धी भाकर घेतली.